चिमणीने दार का नाही उघडलं? (मुलांच्या गोष्टी, त्यातले ठरलेले साचे आणि आपली गोव्याची मुलं)

साखळीची_आई

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. लांब झालाय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो पण गोष्टी मी मराठीतून सांगते, कारण माझ्या आईने मला तशाच सांगितल्या आणि घरातली पुस्तकंही सगळी मराठीच. तर त्या रात्री पाऊस असा कोसळत होता की कौलांवरच्या आवाजात शेजारचं बोलणं ऐकू येईना, लाईट गेलेली, आणि मी तिला काऊचिऊची गोष्ट सांगत होते. आपली नेहमीचीच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठ्ठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. काऊ भिजत भिजत चिऊच्या दारात येतो, चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. मी लहान असताना ह्या ‘थांब’ला मला भयंकर मजा यायची, आई आवाज बदलून बदलून सांगायची आणि मी तिच्याबरोबर म्हणायचे.

माझी पोर दुसऱ्याच ‘थांब’ला उठून बसली. म्हणाली, “उगड मगे दार, तो भिजता न्ही!” मी आपली पुढे नेतेय, थांब माझ्या बाळाला झोपवते, तर ती रडायलाच लागली. खरं रडणं, हट्टाचं नाही. बाहेर तो पाऊस, आणि तिच्या दृष्टीने एक कावळा खरंच आमच्या दारात उभा होता. शेवटी मी चिमणीला दार उघडायला लावलं. आणि मग मला पुढचं काही येईना, कारण मला शिकवलेली गोष्ट तिथेच संपते, आळशाची फजिती, तात्पर्य घर पक्कं बांधावं.

तेव्हापासून मी घरातली सगळी पुस्तकं परत काढून बघतेय आणि मला सगळीकडे तेच साचे दिसायला लागलेत. तिघांतला धाकटा तो हुशार, सावत्र आई ती दुष्ट, कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, राक्षस काळा, राजकन्या गोरी, आणि शेवटी जाड अक्षरात तात्पर्य. मला विचारायचंय की हे साचे आले कुठून, ते मुलांना हवे असतात की आपल्याला, आणि तुम्ही घरी काय करता, गोष्ट बदलता का?

फोंड्याची_पोर

+१. माझ्या मुलानेही अगदी हेच विचारलं होतं, मी “मग ती चिमणी बिझी होती” असं सांगून वेळ मारून नेली होती. आता वाईट वाटतंय.

पेडण्याचे_मास्तर

बाय, तुझ्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. चौतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, बहुतेक सगळी पेडणे आणि डिचोली तालुक्यात, आणि ही गोष्ट वर्गात सांगितली की दरवर्षी एक तरी मूल असं निघायचंच जे चिमणीवर रागवायचं. बाकीची हसायची. मला नेहमी वाटायचं की ते एक मूल गोष्ट नीट ऐकतंय.

साचे कुठून आले ते थोडं सांगतो. मराठीत मुलांसाठी छापलेलं पुस्तक असं जे म्हणतात त्याची सुरुवात १८२८ च्या सुमाराची, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आणि बाळमित्र. दोन्ही इंग्रजीवरून आणलेली, शाळेत वाचायला म्हणून केलेली. बाळमित्र तर मुळात फ्रेंच, बेर्कें नावाच्या लेखकाचं, आणि मूळ फ्रेंच नावाचा अर्थही ‘मुलांचा मित्र’ असाच. आपल्या डिचोलीचे शणै गोंयबाब, त्यांनीही कोकणीत पुस्तक केलं त्याचं नाव ‘भुरग्यांलो इश्ट’. तीन भाषा आणि नाव एकच! पण हा जो मित्र आला तो छडी घेऊनच आला, कारण तो शाळेच्या दारातून आला. आमच्याकडे मुलांचं पुस्तक म्हणजे आधी पाठ्यपुस्तक आणि मग गोष्ट. तात्पर्य आलं ते तिथून. परीक्षेत ‘ह्या गोष्टीपासून काय बोध घ्याल’ हा प्रश्न मी स्वतः किती वेळा घातला असेल त्याची गणती नाही.

आणि तात्पर्य इसापाचंच म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. जुन्या ग्रीक-लॅटिन संग्रहांत कित्येक ठिकाणी ती ओळ गोष्टीच्या शेवटी नाही तर आधी येते, भाषण करणाऱ्या माणसाला कुठली गोष्ट कुठे वापरायची ते चटकन सापडावं म्हणून. म्हणजे ती ओळ मुलांसाठी नव्हतीच, मोठ्यांच्या सोयीची खूण होती.

आपलं पंचतंत्र घ्या. आपण समजतो सगळं बोधपर, पण पहिलं तंत्र मित्रभेद, त्यात दमनक कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री तोडतो, बैल बिचारा मारला जातो, आणि दमनक? तो प्रधानकी करत राहतो. लबाडाला शिक्षा होत नाही. राजाच्या तीन पोरांना राज्य कसं चालतं ते शिकवायचं होतं ना, त्यांना खोटं सांगून कसं चालेल. ही गोष्ट ‘मुलांसाठी’ करताना आपण धुऊन पुसून गुळगुळीत केली.

उलट आपली भोपळ्यातली म्हातारी बघा. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते आणि सगळ्यांना फसवून टुणूक टुणूक घरी येते. तात्पर्य काय? काही नाही. म्हातारी घरी पोचली एवढंच. कुठल्याही वर्गात सांगा, पोरं बाकावर उड्या मारतात.

फोंडा_ते_वास्को

मास्तर, आदर ठेवून थोडा वेगळा विचार मांडते. सगळे तात्पर्याच्या मागे का लागलोय आपण? मी सकाळी साडेसातला घर सोडते, संध्याकाळी सातला येते, मुलाबरोबर मला मिळतो तो झोपायच्या आधीचा अर्धा तास. त्याने मध्यंतरी खोटं बोलायचा सपाटा लावला होता, मी ओरडले, समजावलं, काही नाही. मग लांडगा आला रे आला सांगितली आणि ती लागली. तो दोन दिवस गप्प होता आणि तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन फोडलेल्या बरणीचं सांगितलं. ती गोष्ट नसती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. ज्या घरात सासू नाही, आई नाही, आजी गावाला, त्या घरात हे साचेच आजीचं काम करतात. त्यांना सरसकट वाईट म्हणू नका प्लीज.

पेडण्याचे_मास्तर

नाही गो बाय, वाईट नाही म्हणत. पण एक विचारतो, तू त्याला शेवटी तात्पर्य सांगितलंस का?

फोंडा_ते_वास्को

नाही. लांडग्याने मेंढ्या खाल्ल्या आणि कोणी आलं नाही, तिथेच थांबले. मलाच पुढे बोलवेना.

पेडण्याचे_मास्तर

बस. मला तेच म्हणायचं होतं. गोष्टीने काम केलं, तात्पर्याने नाही. ते तू बोलली असतीस तर बरणीचं तुला कधी कळलं नसतं असं मला वाटतं.

दिवाडीचा_कुंचला

मी चित्रं काढतो, मुलांच्या पुस्तकांसाठी पण थोडीफार काढलीयत, त्यामुळे माझं दुखणं जरा वेगळं आहे. मराठी पुस्तकात दिवाळीचं पान आलं की सांगितलं जातं, अंगणात किल्ला काढा, वर शिवाजी महाराज, खाली मावळे, अळीव पेरलेलं. सुंदर आहे, मला काढायला आवडतं. पण आमच्या पोरांची दिवाळी किल्ल्याची नाहीये हो, नरकासुराची आहे! आठ आठ दिवस आधीपासून बांबू, गवत, जुने पेपर, खळ, रात्र रात्र जागून वाड्यावरची मुलं तो उभा करतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. मराठी पुस्तकात हे मी एकदाही बघितलं नाही.

आणि त्यात केवढी मोठी गोष्ट आहे बघा. मूल आपल्या हातांनी राक्षस घडवतं, त्याला डोळे काढतं, दात लावतं, त्याच्यावर जीव लावतं आणि मग तो जळताना बघतं. माझा भाचा गेल्या वर्षी घरी येऊन कारीट फोडायलाच तयार नव्हता, म्हणाला त्याचे दात मी लावलेले. त्या मुलाला ‘वाईटावर चांगल्याचा विजय’ एवढंच सांगून कसं भागेल?

रंगाचं पण तेच. राक्षस काढायचा तर काळा, हे कोणी सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. मी दोन वर्षांपूर्वी ठरवून सोडलं. आता राक्षस हिरवा, जांभळा, कधी शेवाळी. आमच्या वाड्यावरची निम्मी पोरं काळीसावळी आहेत, त्यांनी स्वतःला कुठल्या बाजूला बघायचं?

डिचोलीकर

नरकासुराचं अगदी पटलं. अजून एक, येरे येरे पावसा तुला देतो पैसा. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, आम्ही त्याला पैसे देऊन बोलवत नाही, ऑगस्टमधे पाया पडून जा म्हणतो.

आणि ते कोडं, ‘कोकणातून आला भट, धर की आपट’. उत्तर नारळ. मी बालवाडीत घातलं तर एक मुलगी म्हणते, “तो खंयच्यान येना, आमच्याच माडावयल्यान पडटा.” बरोबर आहे तिचं. कोडं घाटावरच्या माणसाने घातलेलं आहे, ज्याच्याकडे नारळ बाहेरून येतो. आम्ही तर कोकणातच बसलोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कोड्याला पण गाव असतं.

म्हापशाची_वाचनवेडी

विषय थोडा वळवतेय. मी सावत्र आई आहे. इथे नावाने कोणी ओळखत नाही म्हणून लिहितेय.

लग्न झालं तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती, तिची आई आजारपणात गेलेली. पहिले काही महिने बरे गेले. मग एक दिवस शाळेत हिमगौरीची गोष्ट झाली, आणि घरी आल्यावर तिने डब्यातलं सफरचंद तसंच परत दिलं. काही बोलली नाही, नुसतं माझ्या हातात ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

मग मी शोधायला लागले की ही सावत्र आई आली कुठून. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टी, पहिली आवृत्ती १८१२ ची. त्यात हिमगौरीला मारायला निघते ती तिची सख्खी आई! १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र केली. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी पण आधी सख्खीच, तिला ‘सावत्र’ हा शब्द १८४० च्या आवृत्तीत लागला. म्हणजे आई असं करूच शकत नाही, आईचं नाव खराब होता कामा नये, म्हणून लेखणीच्या एका फटकाऱ्याने ते सगळं पाप आमच्या डोक्यावर ठेवलं. आपल्या कहाण्यांतही आहेच सावत्र आई, तिथेही ती बहुतेक तशीच. दुष्काळ, उपासमार, बाळंतपणात मरणाऱ्या बायका, दुसरेपणाची लग्नं, ह्यातून खऱ्या गोष्टी घडल्या असतील हे मी मानते. पण आज सहा वर्षांच्या मुलीच्या घरात ती गोष्ट येते तेव्हा तिला ते काही माहीत नसतं, तिच्यासमोर मी असते आणि एक सफरचंद असतं.

मी ती गोष्ट तिच्यापासून लपवली नाही. आम्ही दोघींनी ती परत वाचली, अनेकदा वाचली. एकदा ती म्हणाली, आरशाला कोणीतरी फोडायला पाहिजे होतं, तोच भांडण लावतो. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता ती कॉलेजला आहे, आणि सफरचंद खाते.

साखळीची_आई

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आरशाचं मला कधीच सुचलं नसतं.

फोंड्याची_पोर

डोळे भरून आले.

पेडण्याचे_मास्तर

आरशाला फोडायला पाहिजे होतं! असं उत्तर माझ्या वर्गात आलं असतं तर मी त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नसतं.

बाय, तुझ्या ह्या मुलीवरून चांदोबा आठवला, मुलांचं मासिक. १९५२ पासून मराठीत यायचा, विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, कोण विसरेल. मी लहानपणी दर महिन्याला आधी तेच पान उघडायचो. आता विचार केल्यावर कळतं की त्या गोष्टीची रचनाच उलटी आहे. वेताळ तात्पर्य सांगत नाही, तो प्रश्न विचारतो. चूक कोणाची, मोठा त्याग कोणाचा, सांग नाहीतर डोक्याची शकलं होतील. आणि आम्ही भावंडं राजाचं उत्तर वाचायच्या आधी हाताने झाकून आपापसात भांडायचो. माझी बहीण राजाच्या उत्तराशी कधीच सहमत नसायची, आणि पुष्कळदा तिचंच बरोबर वाटायचं. जुन्या वेताळपंचविशीत तर शेवटी शेवटी असा एक प्रश्न येतो ज्याचं उत्तर राजाला येतच नाही, तो गप्प राहतो, आणि तिथे वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो.

गोव्याच्या मुलाला ह्यात आणखी एक गंमत. चांदोबातला वेताळ झाडाला लटकणारा पिशाच, आणि आपला वेताळ ग्रामदैवत! आमोण्याचा वेताळ, लोलयेचा वेताळ. रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या वाहतात. आमच्या वर्गात आमोण्याचा एक मुलगा होता, चांदोबा वाचून तो म्हणाला, सर, ह्या लोकांना वेताळ नीट माहीत नाही, तो असा नसतो. पुस्तकात छापलंय म्हणून तो दबला नाही. भीती पण तशीच बघा, पुस्तकातल्या भुताला घाबरणारं मूल गावाच्या राखणदार देवचाराला घाबरत नाही, कारण देवचार त्याच्या ओळखीचा आहे, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा आहे.

दिवाडीचा_कुंचला

मास्तर, देवचाराचं चित्रपुस्तक करायची माझी फार वर्षांची इच्छा आहे. कांबळ, काठी, हातात चूड, आणि पायाशी भात शेताचा बांध. चित्रपुस्तक बहुतेक ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून १६-१६ पानांचे फॉर्म पडतात, त्यामुळे बत्तिसात सगळं बसवावं लागतं. मी बावीस पानांपर्यंत आलोय, पुढे वाट चुकलेला मुलगा घरी पोचतो. पण घरी पोचल्यावर आई काय म्हणते ते लिहिलं की लगेच उपदेश होतो, म्हणून अडकलोय.

डिचोलीकर

आईला काही म्हणायलाच लावू नका. पेज वाढू दे. कोणी लांबून थकून आलं की आपल्याकडे आधी तेच करतात.

दिवाडीचा_कुंचला

अरे देवा. बरोबर. धन्यवाद!

फोंडा_ते_वास्को

मरणाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून विचारते. माझे सासरे गेल्या वर्षी गेले तेव्हा मला मुलाला सांगायला एक गोष्ट सापडेना. हल्लीच्या पुस्तकांत कोणी मरतच नाही, तारा होतो नाहीतर गावाला जातो.

म्हापशाची_वाचनवेडी

जुन्यांत आहे. साने गुरुजींनी श्यामची आई १९३३ मधे नाशिकच्या तुरुंगात लिहिली, रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत जाते आणि शेवटी आई जाते, लपवाछपवी नाही. आज काही लोकांना ते फार रडवं वाटतं. पण माझ्या मुलीने ते पुस्तक आपणहून उशाशी ठेवलं होतं. आई गेलेल्या मुलीला आई गेलेला मुलगा पुस्तकात भेटला, त्याची जागा दुसरं कोणी घेऊ शकलं नसतं, मी पण नाही. तुमच्या मुलाला थोडं मोठं झाल्यावर द्या, आणि शेजारी बसून वाचा, एकट्याला देऊ नका.

पुस्तकं बघायची असतील तर पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा वेगळा विभाग आहे, आणि बुकवर्म आहे, ते २००५ पासून फक्त मुलांच्याच वाचनासाठी काम करतात. मराठी हवं असेल तर किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाईन फुकट ठेवलेत, आमच्या कितीतरी रविवार दुपारी त्यावर गेल्या.

फोंड्याची_पोर

किशोरचं माहीतच नव्हतं, आजच बघते. आणि एक राहिलं, साहसाच्या गोष्टीत सायकल काढून चोरामागे जातो तो मुलगा, आणि घरी काळजी करते ती बहीण. माझी मुलगी विचारते तिला सायकल येत नव्हती का.

साखळीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. फोंडा ते वास्को ताई, तुमचं म्हणणंही मी डोक्यात ठेवलंय.

काऊचिऊचं पुढे काय झालं ते सांगते. आता रोज रात्री तीच गोष्ट, आणि दार उघडल्यापासून पुढे. काऊ आत आला, चिऊने त्याला टॉवेल दिला, पेज दिली (हो, डिचोलीकर, आमच्याकडे पण पेजच), बाळाने त्याची शेपटी ओढली. तीट लावायचं काम काऊला दिलं तर त्याने पूर्ण बाळच काळं केलं, ह्याला ती रोज नव्याने हसते. मला वाटलं झालं, संपली.

पण काल ती म्हणाली, आई, चिमणीचं घर मेणाचं न्ही? मेण उन्हात वितळतं, आपल्या देवाकडच्या मेणबत्तीसारखं. मग मे महिन्यात काय झालं?

मला खरंच कधी सुचलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी फक्त पावसाळ्यातच सांगितली. तिनेच पुढे सांगितलं, मे महिना आला, ऊन एवढं की पाय भाजतात, चिऊचं घर वितळून वितळून गेलं, आणि काऊचं नवीन शेणाचं घर आतून एकदम गार. चिऊ बाळाला घेऊन त्याच्या दारात गेली. काऊदादा काऊदादा दार उघड.

पेडण्याचे_मास्तर

मग? उघडलं?

साखळीची_आई

काऊ म्हणाला थांब, आणि ही झोपली. आज रात्री विचारते.